पलटणीतला धर्मगुरू कोणासाठी?

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय सैन्याच्या थर्ड कॅव्हलरी या रेजिमेंटमधल्या एका बडतर्फ ख्रिस्ती अधिकाऱ्याची याचिका फेटाळली आणि सैन्य व धर्म या विषयावर मोठा धुरळा उडाला. प्रकरण थोडक्यात असे. हा तरुण लेफ्टनंट शीख जवानांच्या तुकडीवर होता. रेजिमेंटमध्ये मंदिर होते, गुरुद्वारा होता. चर्च किंवा सर्वधर्मस्थळ नव्हते. धार्मिक परेडला आपण जवानांबरोबर जातो, पण पूजा-आरती चालू असताना गाभाऱ्यात जायला आपली श्रद्धा आड येते, असे त्याचे म्हणणे होते. वरिष्ठांनी समजावले. पाद्र्यानेही सर्वधर्मस्थळात जाण्याने ख्रिस्ती श्रद्धेला बाध येत नाही असे सांगितले. तो बधला नाही. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सैन्याचीच बाजू उचलून धरली. प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नाही, वरिष्ठांचा हुकूम पाळण्याचा आहे, असा निकालांचा रोख होता.

त्यानंतरच्या वादात दोनच आवाज मोठ्याने ऐकू आले. धर्मनिरपेक्ष राष्ट्राच्या सैन्यात मंदिर, आरती, परेड हवीच कशाला, सगळे बंद करा, असे एका बाजूचे म्हणणे. देवाचे नाव घेतल्याशिवाय आपला जवान शत्रूवर तुटून पडत नाही, ज्याला हे समजत नाही त्याने वर्दी घालू नये, असे दुसऱ्या बाजूचे. दोघेही गाभाऱ्याबद्दल बोलतात, अधिकाऱ्याबद्दल बोलतात, घटनेबद्दल बोलतात. त्या गाभाऱ्यात ज्याची सरकारने पगार देऊन नेमणूक केली आहे, त्या माणसाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू यांची रीतसर पदे आहेत. ही माणसे नायब सुभेदार म्हणून भरती होतात, त्यांचे प्रशिक्षण आपल्या पुण्यातच होते, आणि पुढे ती बर्फात, वाळवंटात, जंगलात पलटणीबरोबर राहतात. वाद त्यांच्या कामाचा आहे आणि वादात तीच नाहीत.

माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. युद्धाला जाणाऱ्या सैन्याला धर्मगुरू हवा, आणि तो सरकारी खर्चानेच हवा. पण तो जवानासाठी हवा, युद्धासाठी नव्हे. जखमी झालेला, मरणाच्या दारात असलेला, मेलेला, आणि मारून परत आल्यावर ज्याला झोप लागत नाही असा, या माणसांजवळ बसणे हे त्याचे काम. लढाईवर पुण्याचा शिक्का मारणे हे त्याचे काम नाही. आणि त्याचे काम हुकूम म्हणून अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधणे ही तर सैन्याने स्वतःच्याच इतिहासाकडे फिरवलेली पाठ आहे.

'सगळे बंद करा' म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. अमेरिकी राज्यघटनेचा प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन याने सरकारी पगारावरच्या लष्करी पाद्र्यांना तत्त्वतः विरोध नोंदवून ठेवला होता. ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्याच तिजोरीतून पुजाऱ्याचा पगार निघाला, तर पुजारी तलवारीला नाही कसे म्हणणार? आणि तो म्हणत नाही, याचे पुरावे ढिगाने आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्याबरोबर आहे' असे कोरलेले असे, आणि त्याच वेळी समोरच्या खंदकातले पाद्री त्याच देवाकडे इंग्लंडसाठी विजय मागत होते. ऑगस्ट १९४५ मध्ये टिनियन बेटावरून हिरोशिमाकडे विमान निघण्याआधी वैमानिकांसाठी प्रार्थना झाली. त्या बेटावर त्या तुकडीचे कॅथलिक पाद्री असलेले जॉर्ज झाबेल्का पुढे उघडपणे सांगत राहिले की, बाँबहल्ल्यात नागरिक मरत होते आणि त्याविरुद्ध आपण एक शब्द बोललो नाही. आपण गप्प राहणे हीच संमती होती. उरलेले आयुष्य त्यांनी शांततेच्या कामाला दिले. फार मागे कशाला जायचे? सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरील यांनी प्रवचनात सांगितले की, लष्करी कर्तव्य बजावताना मरण आले तर माणसाची सगळी पापे धुऊन जातात. त्याच आठवड्यात रशियात सक्तीची लष्करभरती जाहीर झालेली होती. लाखो घरांतली पोरे आघाडीवर न्यायची होती, त्यांच्या आयांना काहीतरी सांगायला हवे होते, आणि ते धर्मपीठाने सांगितले. पुढच्या वर्षी मॉस्कोतल्या एका पाद्र्याने ठरवून दिलेल्या प्रार्थनेत 'विजय' या शब्दाच्या जागी 'शांती' म्हटले, तर त्याचे पाद्रीपण काढून घेण्यात आले.

हे सगळे मान्य केल्यावरही पदे बंद करावीत असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण श्रद्धाळूपणा नाही. कारण सरकारच्या जबाबदारीचे आहे. १९७९ मध्ये हार्वर्डच्या कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांनी अमेरिकी सैन्यातल्या पाद्र्यांच्या नेमणुका घटनाबाह्य ठरवाव्यात म्हणून दावा लावला. १९८५ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यतः अमान्य केला. त्या निकालातला विचार आपल्यालाही लागू पडतो. सरकार माणसाला त्याच्या गावातून, देवळातून, मशिदीतून, नातलगांतून उचलते आणि जिथे यातले काहीच नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवते. तो स्वतःहून तिथे गेलेला नसतो, हुकमावरून गेलेला असतो. मग त्याच्या उपासनेची सोय करणे हे धर्माला उत्तेजन देणे नसून, सरकारने स्वतःच निर्माण केलेली उणीव भरून काढणे आहे. पुण्यातल्या सरकारी कारकुनाला कचेरीत पुजारी लागत नाही, कारण संध्याकाळी सुटल्यावर तो सारसबागेत जाऊ शकतो. सियाचीनच्या चौकीवरचा साताऱ्याचा पोरगा संध्याकाळी कुठे जाणार? त्याचा बाप वारल्याची बातमी बर्फात येऊन पोचली आणि महिनाभर खाली उतरणे शक्य नसले, तर त्याने दहाव्याला काय करायचे, हे त्याला कोण सांगणार? कंपनी कमांडर?

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहराच्या बाहेर पॅचमच्या टेकडीवर एक संगमरवरी छत्री आहे. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी शिपाई ब्रायटनच्या इस्पितळांत आणले गेले. राजवाड्याचे इस्पितळ केले, तिथे जातिधर्माप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरे थाटली, पाण्याचे नळ वेगळे केले, आवारात शिखांसाठी गुरुद्वाऱ्याचा तंबू उभारला. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना त्या टेकडीवर अग्नी देण्यात आला. मुसलमान शिपायांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफनभूमी मिळाली. इंग्रजांनी हे निव्वळ माणुसकीने केले असे मी म्हणत नाही. १८५७ ची धास्ती होती, आणि हिंदुस्थानात याचा गाजावाजा करून आणखी शिपाई मिळवायचे होते. पण हेतू काहीही असो, कुमाऊँच्या किंवा पंजाबच्या खेड्यातून परक्या थंडीत मरायला आलेल्या त्या माणसाला शेवटी त्याच्या भाषेतला मंत्र ऐकू आला की नाही, हा प्रश्न त्या माणसापुरता फार मोठा होता. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने तो प्रश्न क्षुल्लक ठरवणाऱ्याला मरणाऱ्याची बाजू दिसत नाही, एवढेच मी म्हणेन.

पुरोहिताने युद्धात काय करावे, याची दोन उत्तरे आपल्याच परंपरेत आहेत, आणि आजच्या वादात त्यांतले एकच वाजवले जाते. पहिले उत्तर कौटिल्याचे. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात तो सांगतो की, लढाईआधी मंत्र्याने आणि पुरोहिताने सैनिकांना हुरूप द्यावा. सूत-मागधांनी शूरांना स्वर्ग आणि भित्र्यांना नरक मिळतो हे गाऊन सांगावे. राजकारणी माणसाचा हा रोखठोक सल्ला आहे. दुसरे उत्तर महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपले आहे, अठरा अक्षौहिणींच्या प्रेतांवर बायका रडत आहेत. ज्यांना आगापिछा नाही अशांचे अंत्यसंस्कार कोण करणार, असे धृतराष्ट्र विचारतो. आणि युधिष्ठिर आज्ञा देतो ती पांडवांचा पुरोहित धौम्य आणि कौरवांचा पुरोहित सुधर्मा या दोघांना एकत्र, विदुर, संजय आणि युयुत्सू यांच्यासह: कोणीही अनाथासारखा पडून राहता कामा नये. दूरदूरच्या देशांतून आलेल्या, नावही माहीत नसलेल्या योद्ध्यांनाही लाकडे गोळा करून अग्नी दिला गेला. दोन्ही बाजूंचे पुरोहित, दोन्ही बाजूंचे मृत, चिता एकाच रणभूमीवर. आपल्या संस्कृतीचे दाखले देऊन सैन्यात धर्म हवा म्हणणाऱ्यांनी हे पर्व पुन्हा वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कौटिल्याचा पुरोहित राजाचा आहे. धौम्य आणि सुधर्मा, निदान त्या दिवसापुरते, मेलेल्यांचे आहेत.

आणि भारतीय सैन्याने धौम्याचा मार्ग धरलेला आहे, हे आपण विसरतो. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे पाकिस्तानी सैनिक मेले आणि त्यांच्याच देशाने त्यांना आपले म्हणायला नकार दिला. ते म्हणे मुजाहिदीन होते. ज्यांनी त्यांच्याशी लढून आपले मित्र गमावले होते त्याच जवानांनी त्या प्रेतांसाठी खडकाळ जमिनीत कबरी खोदल्या आणि इस्लामी रीतीने त्यांचे दफन केले. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारातले १७ वे कलम हेच सांगते: शत्रूच्या मृतांना सन्मानाने, आणि शक्य असेल तर त्यांच्याच धर्माच्या विधीने निरोप द्यावा. असल्या क्षणासाठी पलटणीत मौलवी हवा. त्या युद्धातली ही घटना मला रणगर्जनांपेक्षा मोठी वाटते.

जोशाची बाजू मांडणारे यावर म्हणतील, मेल्यावरचे सोडा. जिंकायचे कसे ते बोला. आणि त्यांचा मुद्दाही नीट ऐकला पाहिजे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत चढाई करतात तेव्हा अंगात काय संचारते, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या कोणत्याही माजी सैनिकाला विचारावे. खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू वाहणारा जवान काही धर्मयुद्ध पुकारत नसतो. ज्याच्या भरवशावर जीव आहे त्या वस्तूपुढे नम्र होत असतो, जसा त्याचा बाप नांगरापुढे होतो. गोळीच्या तोंडी जाणारा माणूस देशासाठी जातो तितकाच शेजारच्या चौघांसाठी जातो, आणि त्या चौघांबरोबर त्याने आरती म्हटलेली असते, लंगरात जेवलेला असतो. जो अधिकारी या सगळ्यातून अंग काढून घेतो त्याच्यात आणि जवानांत एक फट पडते. हे खरे आहे आणि न्यायालयांनी ते लक्षात घेतले यात चूक नाही.

पण याच विचाराने सैन्य किती वेळा तोंडघशी पडले ते पाहा. १८०६ मध्ये वेल्लोरला मद्रास सैन्याच्या अधिकाऱ्यांनी शिपायांना कपाळावरचे गंध पुसायला, दाढी काढायला आणि नव्या धर्तीची पगडी घालायला सांगितले. सगळे एकसारखे दिसले की शिस्त येते, हाच त्यांचाही युक्तिवाद होता. जुलैच्या एका रात्री किल्ल्यात कत्तल झाली. १८५७ मध्ये बराकपूरला मंगल पांडे ज्या ३४ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीत होता तिचा कर्नल व्हीलर हा शिपायांना ख्रिस्ती धर्माचा उपदेश करण्यात स्वतःला धन्य मानत असे. काडतुसांची अफवा जिथे पेटली तिथली जमीन अशा अधिकाऱ्यांनी आधीच कोरडी करून ठेवली होती. त्या आगीतून इंग्रज एवढे शिकले: अधिकाऱ्याने शिपायाच्या धर्मात पडायचे नाही. शिपायाच्या धर्माची व्यवस्था त्याच्याच धर्माचा माणूस पाहील. नंतरच्या काळात इंग्रजांनी या व्यवस्थेचाही हत्यारासारखा वापर केला. शीख पलटणींत भरती होणाऱ्याने अमृत घेतलेले असलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, कारण केसधारी खालसा जास्त लढाऊ असा त्यांचा हिशोब. तरी मूळ धडा बरोबर होता: अधिकारी वेगळा, धर्मगुरू वेगळा.

हुकमाने श्रद्धा हलत नाही, याचा सर्वांत बोचरा दाखला मराठी पलटणींच्याच इतिहासात आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी काढली जाते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेले सैन्य म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवल्या. त्या आल्या. शास्त्राला हरकत नाही, असे वरून सांगितले गेले. तरीही कित्येक आठवडे हजारो माणसे उपाशी राहिली, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत, चालताना कोसळेपर्यंत. त्यांना शास्त्राची नव्हे, गावाची भीती होती: परत गेल्यावर जात वाळीत टाकेल, घरात सोयरीक होणार नाही. शिधा अगदीच तुटला तेव्हा कुठे बहुतेकांनी ते मांस खाल्ले, आणि थोड्याच दिवसांत शरणागती झाली. दूर बसलेल्या धर्मपीठाची सही सेनापतीच्या हातात होती, पण ज्याच्यावर शिपायाचा विश्वास असेल आणि जो त्याच्या शेजारी बसून त्याच ताटात आधी स्वतः घास घेईल असा माणूस पुरेसा नव्हता. धर्मगुरूचे वजन त्याच्या अधिकारातून येत नाही. तो कोणाच्या बाजूला बसलेला आहे, त्यातून येते.

आता त्या लेफ्टनंटकडे परत येऊ. त्याने गाभाऱ्यात जायला हवे होते का? त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो, असे मला वाटते. आपल्या माणसांच्या देवापुढे उभे राहिल्याने स्वतःचा देव रागावतो असे मी मानत नाही. पण मी काय मानतो हा प्रश्नच नाही. गाभाऱ्यात उभे राहणे हे लष्करी कर्तव्य आहे असे एकदा ठरले की, धर्मगुरूचे पद निरर्थक होते. सरकार पंडितजींना आणि ग्रंथी साहेबांना कशासाठी नेमते? अधिकाऱ्याला पुजारी व्हावे लागू नये म्हणून. पूजा त्यांची, हुकूम अधिकाऱ्याचा. या दोन कामांची सरमिसळ व्हीलरने एका दिशेने केली, आज आपण दुसऱ्या दिशेने करत आहोत. आणि पूजेला हजर राहिल्यानेच जवान अधिकाऱ्यामागे जातात हे विधान तपासून पाहिले तर टिकत नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये उभी राहिलेली, सर्व जातिधर्मांची मिश्र रेजिमेंट. तिच्यात कोणा एका समाजाचा देव सगळ्यांचा देव नाही. १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरला बंकरमागून बंकर घेत गेलेला, परमवीरचक्र मिळवलेला लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या १४ व्या पलटणीतला, ख्रिस्ती आदिवासी. त्याच्यासोबतचे जवान त्याच्या चर्चमध्ये जात होते की नाही, याची चौकशी त्या रात्री कोणी केली नसेल.

शिवाय हा नियम उलट फिरवून पाहा. उद्या एखाद्या पलटणीतल्या बहुसंख्य जवानांची उपासना मशिदीत असेल आणि तिथे हिंदू अधिकाऱ्याला रांगेत उभे राहून नमाज पढायला सांगितले, तर आज हुकूम हा हुकूम म्हणणारे तेव्हाही असेच म्हणतील का? म्हणणार नसतील, तर ते शिस्तीची बाजू घेत नाहीत, आपल्या देवाची घेत आहेत.

मग प्रश्न उरतो तो मॅडिसनचा: पगार घेणारा मोकळेपणाने वागणार कसा? याचे उत्तर धर्मगुरूच्या सद्‌गुणावर सोडून चालणार नाही. जेफ्री स्टडर्ट केनेडी हा पहिल्या महायुद्धातला इंग्रज पाद्री घ्या. शिपाई त्याला त्याने वाटलेल्या सिगारेटच्या नावाने हाक मारत. हा माणूस काही काळ मुष्टियोद्धे आणि पहिलवान यांच्याबरोबर छावण्या फिरून संगिनीचे माहात्म्य सांगत असे. त्याच माणसाने १९१७ मध्ये मेसिनच्या लढाईत गोळीबारातून धावत जखमींना मदत केली आणि मिलिटरी क्रॉस मिळवला. युद्धानंतर तो युद्धाचा कडवा विरोधक झाला. एकाच माणसात कौटिल्याचा पुरोहितही होता आणि धौम्यही. कोणता बाहेर येतो, हे त्याच्या सोबतची व्यवस्था त्याला कोणते काम देते त्यावर ठरते. कोरियाच्या युद्धात १९५० च्या नोव्हेंबरात एमिल कपाउन या पाद्र्याने माघारीची संधी असताना जखमींजवळ राहणे पत्करले. एका जखमी सार्जंटला गोळी घालायला निघालेल्या चिनी शिपायाला बाजूला सारून त्याने त्या सार्जंटला उचलले, आणि मे १९५१ मध्ये तो कैदी म्हणूनच मेला. त्याला कोणी तसा हुकूम दिलेला नव्हता. पण जखमींजवळ राहणे हेच पाद्र्याचे काम, ही समजूत त्या पदात मुरलेली होती. जिनिव्हाच्या १८६४ च्या मूळ करारानेच पाद्र्याला डॉक्टरच्या रांगेत बसवले आहे, तोफखान्याच्या नव्हे: त्याच्यावर गोळी झाडायची नाही, तो हाती लागला तरी, १९४९ च्या करारांप्रमाणे, युद्धकैदी मानायचा नाही. कायद्याने हे संरक्षण दिले ते तो लढाईचा भाग नाही म्हणून. विजयाची हमी देणारा आणि शत्रूला अधर्मी ठरवणारा धर्मगुरू ते संरक्षण नैतिकदृष्ट्या गमावतो, कागदावर काहीही असो.

आपल्याकडची खरी अडचण मला इथे दिसते, आणि ती गाभाऱ्यात कोण गेले यापेक्षा कितीतरी मोठी आहे. आपला धर्मगुरू नायब सुभेदार आहे. अमेरिकी किंवा ब्रिटिश सैन्यात पाद्री हा कमिशन्ड अधिकारी असतो. तो कमांडिंग ऑफिसरच्या खोलीत जाऊन सांगू शकतो की, साहेब, या तुकडीतली माणसे थकली आहेत, त्या पोराला आज गस्तीवर पाठवू नका. आपल्या पंडितजींनी किंवा मौलवी साहेबांनी कर्नलला हे सांगायचे कोणत्या बळावर? अधिकारी असूनही पाद्र्याची किंमत कशी चुकवावी लागते ते अमेरिकेच्या ग्वांटानामो इथल्या लष्करी तुरुंगात दिसले: तिथला मुस्लिम धर्मगुरू कॅप्टन जेम्स यी कैद्यांच्या धार्मिक छळाबद्दल तक्रारी करत होता. सप्टेंबर २००३ मध्ये त्यालाच हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली, ७६ दिवस एकांत कोठडीत ठेवले, आणि पुढच्या वर्षी सगळे आरोप मागे घ्यावे लागले. त्याला हुद्दा होता, कायदा होता, वकील होता. म्हणून तो सुटला. आपल्या धर्मगुरूजवळ यातले काय आहे?

दुसरी गोष्ट गुप्ततेची. दरवर्षी संसदेत सैनिकांच्या आत्महत्यांबद्दल प्रश्न विचारले जातात, आकडे दिले जातात, समुपदेशक नेमल्याचे सांगितले जाते. पण घरच्या जमिनीच्या भांडणाने पोखरलेला किंवा चकमकीत चुकून मूल मेल्याने हादरलेला जवान आधी समुपदेशकाकडे जात नाही. तो आरतीनंतर मागे रेंगाळतो. अमेरिकी लष्करी कायद्यात सैनिक पाद्र्याला विश्वासाने जे सांगेल ते कोर्टातसुद्धा उघड करायला भाग पाडता येत नाही. आपल्या पुरावा कायद्यात वकील-अशील आणि नवरा-बायको यांच्या बोलण्याला संरक्षण आहे. धर्मगुरूशी बोललेल्या शब्दाला नाही. म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या त्या जवानाला ठाऊक आहे की, पंडितजींना सांगितलेले उद्या कंपनी ऑफिसात पोचू शकते. मग तो सांगत नाही.

सैन्यातून धर्म काढा म्हणणाऱ्यांना आणि धर्माने लढा म्हणणाऱ्यांना माझी मागणी एकच आहे: या पदाकडे पाहा. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये दुरुस्ती करून धर्मगुरूजवळ बोललेले गुप्त राहील अशी तरतूद करा. त्याचा हुद्दा वाढवा, किंवा निदान त्याचा गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार त्याच्या पलटणीच्या बाहेरच्या माणसाकडे द्या. नेदरलँड्सच्या सैन्यात १९६४ पासून कोणताही धर्म न मानणाऱ्या सैनिकांसाठीही मानवतावादी समुपदेशक नेमतात. आपल्याकडेही देव न मानणारे जवान आहेत, त्यांनाही कोणाजवळ तरी बसायची गरज पडते. पुण्यातल्या प्रशिक्षणात कर्मकांडाइतकाच वेळ जिनिव्हा करारांना आणि दुःखात बुडालेल्या माणसाशी बोलण्याला द्या. दुसऱ्या धर्माच्या मृतावर त्याच्या रीतीने संस्कार कसे करायचे, हे प्रत्येक पंडिताला, ग्रंथीला आणि मौलवीला शिकवा. आणि मंदिर परेडला अधिकाऱ्याने हजर राहावे, जोडे काढून, हात जोडून, आपल्या जवानांमध्ये. गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा की नाही ते त्याचे त्याला ठरवू द्या. आत पंडितजी आहेतच.